शेवट नसलेला पिक्चर

विनिता कारखानीसला जो सिनेमा आवडायचा तो दुसऱ्या कोणी पाहिलेला नसायचा, आणि तिने इतकं कौतुक करून सांगितल्यावरही कोणी तो पाहायचं नाही. तिचा नवरा भला माणूस, तिच्या शब्दाखातर सोफ्यावर येऊन बसायचा आणि नावं संपायच्या आत घोरायला लागायचा. मुलगी तर 'आईचा पिक्चर' असं म्हणून आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची. राहता राहिला तो 'पाहायलाच हवं' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. कॉलेजातल्या सिनेमावेड्या मित्रमैत्रिणींनी मिळून तो काढलेला होता. तिथे रोज कोणी ना कोणी एखादा दुर्मीळ सिनेमा सुचवायचं, बाकीचे त्यावर अंगठा दाखवायचे, आणि पाहायचं मात्र कोणीच नाही. सगळेच सांगणारे. सगळ्यात जास्त सांगायचा कल्याणचा सर्वेश. ज्या देशाचं नाव नकाशावर शोधावं लागतं, तिथला सिनेमा त्याला जास्त आवडायचा.

गेली काही वर्षं विनिता एकच सिनेमा सगळ्यांना सांगत होती. 'मचव्यातली वरात' असं त्याचं नाव. चाळीसेक वर्षांपूर्वीचा, रंग उडालेला, कुठल्याशा थेटरात आठवडाभर चालून गायब झालेला मराठी सिनेमा. कोणीतरी तो जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवून यूट्यूबवर टाकला होता. तिथे तो ज्या थोड्या वेळा पाहिला गेला होता, त्यातल्या निम्म्या वेळा बहुतेक तिनेच पाहिला होता. त्यात आणखी एक गोम होती. तो सिनेमा पूर्ण नव्हता. कॅसेट संपली तिथे तो संपत होता, आणि शेवट काय झाला हे विनितालाही माहीत नव्हतं.

विनिता फिजिओथेरपिस्ट होती. राहायला डोंबिवली पश्चिमेला कोपरमध्ये, पण तिचे पेशंट बरेचसे ठाण्यातले. ऑपरेशन झालेल्या माणसांच्या घरी जाऊन ती त्यांचे हातपाय पुन्हा चालते करायची. त्या वर्षी दिवाळीनंतर तिला माजिवड्याच्या गावठाणातलं एक घर मिळालं. लिनो परेरा, वय बहात्तर, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

पहिल्या दिवशी ती गेली तेव्हा लिनो बनियनवर खुर्चीत बसून कुस्ती बघत होता. शेजारी वॉकर उभा होता, त्याच्यावर टॉवेल वाळत घातलेला.

"आज नको. दुखते. उद्या बघू," तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला.

त्याची बायको सेसिलिया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "डिस्चार्ज मिळाल्यापासून हेच चालू हाय," ती म्हणाली. "आधीचा एक पोरगा यायचा, त्याला पळवून लावला. वॉकरचा उपयोग फक्त टॉवेलला."

विनिताने त्याला गादीवर झोपवलं, टाचेखाली टॉवेलची घडी ठेवली आणि गुडघा हळूहळू वाकवायला सांगितला. लिनोने एकदा वाकवला आणि असा काही कण्हला, की बाहेरून शेजारीण डोकावून गेली. त्यानंतर त्याने पाय जो ताठ धरला तो सोडेचना.

पेशंटचं लक्ष दुसरीकडे वळवलं तर दुखणं कमी जाणवतं, हे विनिताला अनुभवाने ठाऊक होतं. कोणाशी ती नातवंडांबद्दल बोलायची, कोणाशी राजकारणाबद्दल. लिनोशी काय बोलावं हे तिला सुचेना. टीव्हीकडे बघत ती सहज म्हणाली, "अंकल, एक वरात आहे. नवरदेव, त्याचा मामा, बँडवाले, आचारी, सगळे एका मचव्यात बसून खाडीपलीकडे लग्नाला निघालेत. अर्ध्या वाटेत ओहोटी लागते आणि मचवा चिखलात रुततो."

लिनोने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "ओहोटी कधी लागते हे तांडेलाला ठाऊक नाय? बोट कोण चालवते मग, मामा?"

"तांडेलाला ठाऊक आहे. पण त्याचं लक्ष ठिकाणावर नाही."

"प्यायलेला."

"प्यायलेला नाही, भांडलेला. बायकोशी. का भांडला ते सांगते. वाकवा जरा."

लिनोने गुडघा वाकवला. तांडेल का भांडला हे ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, की मग आता पुढची भरती येईपर्यंत ही सगळी माणसं चिखलातच बसणार काय. विनिता म्हणाली, ते पुढच्या दहा वेळा वाकवल्यावर. सेसिलिया ओल्या हातानेच येऊन दाराला टेकली होती ती तिथेच राहिली.

असं ते सुरू झालं. विनिता एक दिवसाआड यायची, तेवढ्यापुरता मचवा पुढे सरकायचा, म्हणजे खरं तर जागच्या जागीच राहायचा. आचाऱ्याने लग्नासाठी आणलेलं मटण उन्हाने बिघडू नये म्हणून मचव्यातच शिजवायला घेतलं, त्या दिवशी लिनो खुर्चीतून आधाराशिवाय उठला. नवरदेवाने मुलगी पाहिलेलीच नाही, फोटो दाखवला तो तिच्या थोरल्या बहिणीचा होता, हे उघडकीला आलं तेव्हा तो वॉकर घेऊन अंगणापर्यंत गेला. पलीकडे काठावर मुलीकडची माणसं ताटकळलेली. मुहूर्त टळतोय म्हणून तिचा काका तिला एका पोक्त बिजवराच्या गळ्यात बांधायला निघालेला. मुलगी म्हणते, भरती येईपर्यंत मी थांबणार. इकडे नवरदेवाने ठरवलंय, की काठावर उतरलो की तिला तोंडावर सांगायचं, मला हे लग्न करायचं नाही. हे ऐकताना लिनोचा गुडघा नव्वद अंशांपर्यंत कधी वाकला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"आता सांगू नको," एक दिवस तो म्हणाला. "आता मना बघायचाय. लाव टीव्हीवर."

इतक्या वर्षांत हे वाक्य विनिताला कोणी म्हटलं नव्हतं. सवयीने ती म्हणाली, "लावते, पण तो जरा संथ आहे. आवाजही नीट नाही. आणि त्याला शेवट नाही, तेवढा भागच उपलब्ध नाही. पण तरीही..."

"तू पिक्चर सांगतेस की माफी मागतेस?" लिनोने विचारलं.

ती टीव्हीवर सिनेमा लावून निघाली.

पुढच्या खेपेला ती गेली तेव्हा लिनो तिची वाट बघत दारात उभा होता. चेहरा लाल झालेला.

"भरती आली, मचवा हालला, पोरगी कंदील घेऊन उठली, आणि फटकन बंद," तो म्हणाला. "हे काय हाय? पुढं काय झालं?"

"मी सांगितलं होतं अंकल."

"सांगितलं होतं ते बरोबर. पण तुला रात्री झोप कशी लागते?"

सेसिलिया चहा घेऊन आली. ती म्हणाली, की दोघांनी मिळून तीनदा पाहिला. मामाने मंगळसूत्र चोरापासून लपवायला मोज्यात घातलं आणि मग कुठल्या मोज्यात घातलं तेच विसरला, त्या जागी तर लिनो इतका हसला की शेजारी आले. त्यांनाही मग बसवून घेतलं. सांगता सांगता तिला पुन्हा हसू आलं आणि चहा बशीत सांडला.

"आणि दुसरी गोष्ट," लिनो तिला थांबवून म्हणाला. "ती खाडी कुठली हाय ते तुला ठाऊक हाय? कोलशेतची. तो बांध, ती पाणी सोडायची उघाडी, मागची डोंगराची रांग. माझा बापूस तिथं जाळी लावायचा. मी पण गेलेलो त्याच्याबरोबर. तुझा पिक्चर इथं, आपल्या बाजूला झालाय."

विनिताने तो सिनेमा कितीदा पाहिला होता, पण ती खाडी कुठली असेल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. आपल्याला इतका आवडलेला सिनेमा आपण रोज येतो-जातो तिथून हाकेच्या अंतरावर घडला, याचा तिला इतका आनंद झाला की त्या दिवशी गुडघ्याचा व्यायाम घ्यायचा राहूनच गेला.

लिनोने मात्र शेवट शोधायचाच असं मनावर घेतलं. गावठाणात, चर्चच्या पायऱ्यांवर, भाजीवाल्याकडे, भेटेल त्याला तो 'मचव्यातली वरात' बघायला सांगू लागला. कोणाला तरी शेवट आठवेल, नाहीतर कोणी ओळखीचा निघेल, हा हिशोब. त्यासाठी तो आधी वॉकर घेऊन आणि मग नुसती काठी घेऊन रोज फिरू लागला. एकदा विनिता त्याच्यासोबत गावठाणातल्या क्रॉसपर्यंत चालत गेली, तेव्हा तो रिक्षावाल्याला सांगत होता, "एक नंबर पिक्चर. कॉमेडी हाय, फायटिंग हाय, वादळ हाय."

"त्यात फायटिंग कुठे आहे?" विनिताने पुढे गेल्यावर विचारलं. तिला आतून थोडा रागच आला होता. इतकी वर्षं जपलेला आपला सिनेमा हा माणूस असा कसाही वाटत सुटलाय.

"मामा आणि आचारी भांडतात ना?"

"ते रश्श्यात खोबरं किती यावरून. आणि वादळ?"

"वारा सुटतो." लिनो काठीवर रेलून थांबला. "बाय, तू खरं सांगतेस आणि कोणी बघत नाय. मी थोडं वाढवून सांगतो आणि माणूस बसतो. एकदा बसला की पिक्चर त्याला धरून ठेवतो. माझा भरवसा पिक्चरवर हाय. तुझा नाय, म्हणून तू 'पण' बोलतेस."

विनिताला हे लागलं. त्या दिवशी कोपरला घरी पोचेपर्यंत ती त्यावरच विचार करत होती. माझा भरवसा नाही? मग तिला जाणवलं, की सिनेमा सांगताना ती कायम आधी त्याची वाईट बाजू सांगते. समोरच्याला नाही आवडला तर आपल्याला वाईट वाटू नये, म्हणून. स्वयंपाकाला लागायच्या आधी तिने ग्रुपवर लिहिलं, 'मचव्यातली वरात आपल्या कोलशेतच्या खाडीत शूट झालेली आहे. येत्या रविवारी बघणार आहोत. या.' पुढे काहीच जोडलं नाही. रविवारचं काही ठरलेलं नव्हतं, ते तिने लिहिता लिहिता ठरवलं होतं.

लिनोला कळवल्यावर तो म्हणाला, "अंगण हाय ना." सेसिलियाने चर्चच्या हॉलमधला प्रोजेक्टर मागून आणला आणि धुतलेली पांढरी चादर इस्त्री करून ठेवली.

त्याच आठवड्यात शेवटाचा धागा लागला, आणि तो लिनोच्या नव्हे तर सेसिलियाच्या हाती. तिच्या दारावर वर्षानुवर्षं कोलशेतची भीमाबाई मासळी घेऊन यायची. आता वय झालं म्हणून तिची सून येत असे. सेसिलियाने सुरमई निवडता निवडता सुनेला सहज विचारलं, की तुमच्या खाडीत कधी पिक्चरचं शूटिंग झालेलं का. सून म्हणाली, "आमच्या सासूबाय नेहमी सांगतात, मी पिक्चरमध्ये काम केलंय. आमी हसतो."

रविवारी संध्याकाळी अंगण भरून गेलं. आसपासच्या घरांतून लोक आपापल्या खुर्च्या घेऊन आले होते. सर्वेशही आला, हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावर थोडं अवघडलेपण. "मी आलोय तो फक्त तू बोलावलंस म्हणून," तो विनिताला म्हणाला. "तसा मी जुने मराठी विनोदी सिनेमे बघत नाही."

"बस," विनिता म्हणाली.

भीमाबाई सुनेच्या हाताला धरून आली. काठापदराची साडी नेसलेली, केसांत अबोलीचा गजरा, साठी ओलांडलेली तरतरीत बाई. लिनोने तिला पुढची खुर्ची दिली. तिने आजवर तो पिक्चर पाहिलाच नव्हता. "शूटिंग जालं नि ती मानसं गेली," ती म्हणाली. "पिक्चर कुटं लागला, कदी लागला, आमाला कोनी सांगितलाच नाय."

सिनेमा सुरू झाला. मचवा रुतला तेव्हा अंगणातली म्हातारी माणसं एका सुरात तांडेलाला बोल लावू लागली. मामाने दोन्ही पायांतले मोजे काढून झटकले तेव्हा विनिताने मागे वळून पाहिलं. सर्वेश डोळे पुसत होता, बाटली खाली पडली होती आणि तो शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर थापा मारत होता. विनिता त्यानंतर पडद्याकडे कमी आणि लोकांकडेच जास्त बघत राहिली. ती वाक्यं तिला पाठ होती. पण शंभरेक माणसांच्या हसण्यात ती पहिल्यांदाच ऐकत होती, आणि एका जागी तर, जिथे तिला कधी हसू आलं नव्हतं, तिथे सगळं अंगण हसलं तेव्हा तिलाही तो विनोद कळला.

मग सिनेमा काठावरच्या मंडपात आला. मुलीकडच्या बायका ओळीने बसलेल्या, वाट बघून कंटाळलेल्या. त्यातली एक तरुण पोरगी जांभई देते आणि कॅमेरा आपल्याकडे आहे हे लक्षात येऊन चटकन पदर तोंडाला लावते.

"थांबवा," भीमाबाई म्हणाली.

सेसिलियाने मागे नेऊन पुन्हा लावलं. पोरीने पुन्हा जांभई दिली, पुन्हा पदर तोंडाला लावला.

"ही मी," भीमाबाई म्हणाली. "लगीन होऊन वरीस जालेलं माजं. सकालपासून बसवलेला आमाला. झोप आलेली."

सून उठून चादरीजवळ गेली. तिने पडद्यावरच्या पोरीकडे पाहिलं, मग सासूकडे पाहिलं आणि परत येऊन सासूच्या गळ्यात पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती जांभई आणखी तीन-चारदा दाखवावी लागली, तेव्हा कुठे सिनेमा पुढे गेला.

शेवटी व्हायचं तेच झालं. भरती आली, मचवा हलला, मुलगी कंदील घेऊन उठली आणि चादर पांढरी झाली. अंगणात मोठा गलका उठला. लिनो काठी घेऊन पुढे आला आणि भीमाबाईच्या खुर्चीसमोर उभा राहिला.

"आता सांग. पुढं काय केलं त्यांनी?"

"मना ष्टोरी कुटं ठाव हाय?" ती म्हणाली. "ती तर आता बगितली. मी फकस्त त्या दिवशी काय जालं ते सांगेन."

"तेच सांगा," विनिता म्हणाली.

भीमाबाईने गजरा सारखा केला. "मचवा आला. पन काठाला लागेना, मधी चिखल. नवरा उतराय गेला नि पडला. मानेपरयंत. तो खरा पडलेला, तसा करायचा नव्हता. शूटिंगची मानसं धावली, तर डायरेक्टर ओरडला, कोनी जाऊ नका, चालू ठेवा. मंग ती नवरी होती ना, ती साडी खोचून आपली आपनच चिखलात गेली. त्याला हात दिला. तो कायतरी बोलायला लागला."

"'नको' बोलला असणार," लिनो म्हणाला. "लग्न करायचं नाय असं."

"तोंड उगडलान, तर त्यात चिखल. ती हसाय लागली, मंग तो पन हसाय लागला. लय वेल हसत होती दोगं. बोललाच नाय काय."

"मग लग्न?" सर्वेशने मागून विचारलं.

"लगीन मचव्यातच लागला. मंडपापरयंत कोन जानार चिखलाचं? भटजीला उचलून मचव्यात नेला. आमी काठावरनं अक्षता टाकल्या. तांदूल विसरलेले ते लोक. मंग आमच्या मिठागराच्या मुकादमानं मिठाची पोती फोडली. मीठच टाकलं. वारा असा, सगला त्यांच्या डोल्यात गेला. दोगांच्या डोल्यांतून घलाघला पानी. डायरेक्टर बोलला, लय चांगला."

नवरदेव काही बोललाच नाही. इतक्या वर्षांत विनिताने मनातल्या मनात कितीतरी शेवट रचले होते. कधी तो नकार द्यायचा, कधी तीच द्यायची, आणि प्रत्येक वेळी दोघं खूप बोलायची. हा शेवट तिला सुचला नसता, आणि ह्याच्याहून चांगला दुसरा असूच शकत नव्हता. ती रडते आहे की हसते आहे हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात सेसिलिया आत गेली आणि मिठाची बरणी घेऊन आली. "शेवट झाल्याशिवाय कोनी घरी जायचं नाय," ती म्हणाली आणि बरणी फिरवली. प्रत्येकाने चिमूट चिमूट मीठ घेतलं. भीमाबाईने खड्या आवाजात मंगलाष्टकातली जेवढी आठवली तेवढी ओळ म्हटली, आणि सगळ्या अंगणाने त्या कोऱ्या चादरीवर मीठ उधळलं. लिनोनेही काठी बगलेत धरून दोन्ही हातांनी उधळलं. विनिताने ते पाहिलं. त्याच्या गुडघ्याला आता तिची गरज उरली नव्हती.

जाताना सर्वेश तिला म्हणाला, "इतकी वर्षं तू सांगत होतीस, मी बघितला का नाही?"

"तू सांगण्यात बिझी होतास," विनिता म्हणाली. "मीही."

भीमाबाईची जांभई दुसऱ्या दिवशी सुनेच्या फोनमधून सगळ्या मासळी बाजारात फिरली. महिनाभरात कोलशेतच्या लोकांनी आपल्या गावात, देवळापुढच्या मोकळ्या जागेत, त्या सिनेमाचा खेळ लावला. काठावरच्या बायकांमधल्या आणखी दोघी तोवर सापडल्या होत्या. त्यांनाही साड्या नेसवून पुढे बसवलं होतं. विनिताला खास बोलावणं होतं. या खेपेला तिचा नवरा आणि मुलगीही आली.

खेळाआधी चार शब्द बोलायला लिनो उभा राहिला. काठी तो घरीच ठेवून आला होता. माइक हातात घेऊन तो म्हणाला, "मंडळी, असा पिक्चर तुम्ही जन्मात बघितला नसेल. कॉमेडी हाय, वादळ हाय, आणि फायटिंग तर अशी हाय की विचारू नका."

मुलीने आईकडे पाहिलं. "खरंच फायटिंग आहे?"

"जबरदस्त," विनिता म्हणाली आणि नवऱ्याने आणलेल्या शेंगदाण्यांची पुडी उघडली.